रानकांद्याचा कागदोपत्री माग

१८२६ साली लंडनच्या लाँगमन प्रकाशनाने हिंदुस्थानाविषयीचे दोन जाडजूड ग्रंथ बाजारात आणले. पहिला तीन खंडांचा, जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास. दुसरा दोन खंडांचा, व्हाइटलॉ एन्सली यांचा ‘मटेरिया इंडिका’. पहिल्यात ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई सविस्तर आली आहे. दुसऱ्यात, देशी वनस्पतींच्या लांबलचक मालिकेत, एका रानटी कांद्याचे छोटेसे कलम आहे. कांदा जायफळाएवढा असून मुख्यतः घोड्यांना देतात, लघवी अडली की आणि ताप भरला की, असा त्याचा आशय. एकाच वर्षी एकाच प्रकाशकाकडून निघालेल्या या ग्रंथांत एकमेकांचा उल्लेख असण्याचे काहीच कारण नव्हते. पण खर्ड्याच्या लढाईतले लाखावर सैन्य आणि त्यातले असंख्य घोडे डोळ्यांपुढे ठेवून एन्सलींचे ते कलम वाचले की एक प्रश्न सुटत नाही. हा कांदा कोणता? दख्खनच्या मुरमाड माळावर उगवणारा आपला रानकांदा तोच का? आणि एन्सलींनंतरच्या पाऊणशे वर्षांत इंग्रजी औषधग्रंथांनी आपल्या माळावरच्या कांद्याला भूमध्य समुद्राच्या वाळूतल्या एका कांद्याचे नाव दिले, ते कोणत्या आधारावर?

सुरुवात त्या वाळूपासून करावी लागते, कारण मूळ नाव तिथले आहे. भूमध्य समुद्राच्या रेताड आणि खडकाळ किनाऱ्यावर दोन जातकुळींचे कंद उगवतात. एक रानलसणाचे. अलियम या प्रजातीतल्या अनेक जाती तिथे वाळूत तग धरून आहेत आणि आज युरोपात पिकणारा लीक हा भाजीचा कांदा त्यांच्यातल्याच एका जातीपासून, अलियम अँपेलोप्रासमपासून, आला. या जातकुळीची खूण वासाची. पाकळी ठेचली की पेशी फुटतात, आतली द्रव्ये एकत्र येतात आणि लसणाचा उग्र दर्प सुटतो. दुसरा कंद समुद्रकांद्याचा, इंग्रजी औषधग्रंथांतला स्क्विल. तो दिसायला अवाढव्य कांदा, वजनाने कधी दोन किलोंच्या घरात. पण कापला तर लसणाचा वास येत नाही. रस कडू असतो आणि त्यातले सुईसारखे स्फटिक हाताला खाज आणतात. लसूण पोटात जातो. हा कांदा बेताबाहेर पोटात गेला तर हृदयाची गती बिघडवून जीव घेऊ शकतो. लिनियसने १७५३ मध्ये त्याला सिल्ला मारिटिमा म्हटले. आजचे शास्त्रीय नाव द्रिमिया मारिटिमा.

औषध म्हणून या कांद्याची कारकीर्द फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने त्याची कृती लिहिली, आणि सिरक्यात मुरवलेला किंवा मधात कालवलेला समुद्रकांदा तेव्हापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपीय वैद्यकातून हलला नाही. खोकल्यातला कफ सुटावा, अंगावरची सूज लघवीवाटे उतरावी, या दोन कामांसाठी तो वापरत. अरबी वैद्यकाने तो ‘इस्कील’ म्हणून घेतला आणि युनानी हकिमांबरोबर हे नाव हिंदुस्थानात आले. इंग्लंडच्या बाजारात येणारा माल मुख्यतः माल्टा बेटावरचा, हे फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’त नोंदलेले आहे. म्हणजे मुंबईच्या सरकारी औषधकोठारात हा कांदा हवा असेल, तर भूमध्य समुद्रातल्या बेटावरून लंडन आणि लंडनहून मुंबई, असा त्याचा प्रवास. आपल्या माळावरच्या कांद्याकडे इंग्रज डॉक्टरांचे लक्ष का गेले, याचे निम्मे उत्तर या खर्चात आहे.

आता एन्सलींकडे परत येऊ. ते १७८८ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८१५ मध्ये परतले. खर्ड्याच्या लढाईच्या वेळी ते या देशात होते, पण त्यांचा वावर मद्रास इलाख्यात होता. त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती वेगळ्या नावाने १८१३ मध्ये मद्रासला छापली गेली. रानटी कांद्याच्या कलमात त्यांनी तमिळ बाजारातले नाव दिले आहे आणि शास्त्रीय नाव म्हणून एरिथ्रोनियम इंडिकम. हे नाव तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमधल्या योहान पेटर रॉटलर यांनी ठेवले होते. साक्षीदार म्हणून एन्सली भरवशाचे आहेत. बाजारातून वस्तू आणवून ती पाहणे, हकीम-वैद्यांना विचारणे आणि उत्तर मिळाले तसे लिहिणे, ही त्यांची रीत. म्हणून घोड्यांच्या औषधाविषयीचे त्यांचे विधान मी खरे धरतो. पण ते विधान दक्षिणेतल्या साळोत्र्यांविषयी, म्हणजे घोड्यांच्या वैद्यांविषयी आहे, ही मर्यादा डोळ्यांआड करता येणार नाही.

खरी गुंतागुंत पुढे सुरू होते, आणि ती वनस्पतिशास्त्रज्ञांच्या टेबलावर झाली. १८२१ मध्ये आल्ब्रेख्ट रोट या जर्मन शास्त्रज्ञाने एका छोट्या कंदाला लेडेबुरिया हायसिंथिना असे नाव दिले. रोट हिंदुस्थानात कधी आले नव्हते. बेंजामिन हेन यांनी दक्षिणेतून पाठवलेल्या वाळलेल्या नमुन्यांवर त्यांचे काम चालले होते. पुढे हेबर ड्रुरी यांनी १८५८ च्या आपल्या उपयुक्त वनस्पतींच्या ग्रंथात एन्सलींचे घोड्यांच्या औषधाचे विधान याच लेडेबुरियाखाली उतरवले. दरम्यान १८३२ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग यांचा ‘फ्लोरा इंडिका’ सेरामपूरला छापून निघाला. रॉक्सबर्ग १८१५ मध्येच वारले होते, तेव्हा हे वर्णन प्रत्यक्षात त्याआधीचे. त्यात सिल्ला इंडिका नावाचा एक कांदा आहे, पण तो लेडेबुरिया नव्हे. तो मोठा, पांढऱ्या पापुद्र्यांचा आणि पानांआधी फुलणारा कांदा. १८४३ मध्ये कुंथ यांनी त्याला अर्जिनिया या प्रजातीत नेले आणि अर्जिनिया इंडिका हे नाव रूढ झाले. आज तो द्रिमिया इंडिका.

इथवर दोन कांद्यांची दोन नावे होती आणि घोटाळा नव्हता. पण रॉबर्ट वाइट यांनी छोट्या कांद्याला बार्नार्डिया इंडिका म्हटले आणि क्यू येथील वनस्पतिउद्यानातले जॉन बेकर यांनी तोच छोटा कांदा सिल्ला प्रजातीत आणून सिल्ला इंडिका केला. परिणाम असा की सिल्ला इंडिका हेच शब्द रॉक्सबर्गच्या पानावर मोठ्या कांद्यासाठी आणि बेकरच्या पानावर छोट्या कांद्यासाठी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एखाद्या डॉक्टरच्या टिपणात नुसते ‘सिल्ला इंडिका’ लिहिलेले सापडले, तर पुढे कर्त्याचे नाव असल्याशिवाय त्याने कोणता कांदा कुटला हे कळायला मार्ग नाही. ‘देशी स्क्विल’ किंवा ‘रानकांदा’ एवढेच लिहिले असेल, तर आणखीच कठीण. या विषयावरचा जुना कागद वाचताना पहिली खबरदारी ही, की नाव बाजूला ठेवून वर्णन पाहावे.

वर्णनात पाहायचे ते काय? छोट्या कांद्याची पाने जमिनीलगत पसरतात, त्यांवर जांभळट ठिपके असतात, आणि पावसाच्या सुरुवातीला पाने व फुले एकत्र दिसतात. पानाचे टोक जमिनीला टेकले की तिथे नवे रोप धरते. कंद लहान, साधारण सुपारी-जायफळाच्या मापाचा. मोठ्या कांद्याचे गणित निराळे. उन्हाळ्यात जमिनीवर पान नसताना त्याचा एकच उभा दांडा वर येतो, त्यावर विरळ, मळकट पांढरी-तपकिरी फुले खाली मान घालून लागतात आणि ती संध्याकाळी उमलतात. पाने पावसाबरोबर येतात, लांब, चपटी, बिनठिपक्यांची. बिया काळ्या, चपट्या, पंख असलेल्या. या खुणा लक्षात घेतल्या, तर एन्सलींच्या कलमातले ‘जायफळाएवढा’ हे माप छोट्या कांद्याकडे, म्हणजे लेडेबुरियाकडे बोट दाखवते. रॉटलरचे नावही त्याच दिशेने जाते. घोड्यांचे औषध छोट्या कांद्याचे होते, एवढे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मोठाही कांदा कोवळा असताना लहानच असतो, ही शंका मात्र शिल्लक राहते.

फुलण्याच्या वेळेचा हा मुद्दा मला सगळ्यात रोचक वाटतो, कारण तो कोणत्याही ग्रंथकाराने मुद्दाम लिहून ठेवलेला नाही. नोंदी शेजारी मांडल्या की आपोआप दिसतो. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो. तिथला समुद्रकांदा ऑगस्ट ते ऑक्टोबरात, कोरड्या उन्हाळ्याच्या शेवटी, पानांवाचून फुलतो. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये, आणि मोठा रानकांदा मार्च ते मे या काळात, पानांवाचूनच फुलतो. महिने जुळत नाहीत, पण पावसाशी असलेले नाते तेच आहे. कंदात साठवलेल्या पाण्यावर फुलून घ्यायचे आणि बी पडेपर्यंत पाऊस यावा, असा दोघांचा बेत. दोन्ही वनस्पतींचे कूळ एक आहे याचा हा पुरावा नव्हे. दोघांचे कूळ एक असल्याचे फुलांच्या रचनेवरून ठरले आहे. पण वाळूतल्या कांद्याची जागा मुरमातल्या कांद्याने घेतली, ती केवळ डॉक्टरांच्या सोयीने घेतली नाही, हे त्यावरून समजते. औषधी कांद्याविषयीच्या अनेक इंग्रजी नोंदींत आपला रानकांदाही रेताड जमिनीत, विशेषतः समुद्रालगत, असल्याचे लिहिले आहे. कोकण आणि कोरोमंडल किनाऱ्यासाठी ते खरे आहे. घाटावरच्या खडकाळ, मुरमाड पठारांवर उगवणारा कांदा त्या नोंदींच्या काठावरच राहतो.

आता खर्डे. आजच्या जामखेड तालुक्यातले हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसले आहे. भुईकोट सुलतानराजे निंबाळकरांनी १७४३ मध्ये बांधला. १७९५ च्या मार्चमध्ये निजाम अली खान याच कोटाच्या आश्रयाला आला. समोर सवाई माधवराव पेशव्यांच्या नावाने जमलेली सगळी मराठी सरदारमंडळी होती आणि सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. ग्रँट डफ यांच्या हिशोबाने पेशव्यांकडे घोडेस्वार आणि पायदळ मिळून एक लाख तीस हजारांवर माणूस, शिवाय दहा हजार पेंढारी. निजामाकडे एक लाख दहा हजार. हे आकडे अंदाजाचे आहेत, हे ध्यानात ठेवूनही दोन्ही बाजूंच्या घोड्यांची संख्या हजारोंत होती यात शंका नाही. या मोहिमेचा मराठी बाजूचा जिवंत पत्रव्यवहार वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून छापलेल्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त आहे. पहिला खंड १८९७ मध्ये आला आणि पटवर्धनांच्या दप्तराचे महत्त्व तेव्हापासून साऱ्यांना कळले. त्या पत्रांच्या चिंता लष्करी आहेत. सरदार कुठे उतरले, कूच कधी, दाणावैरण कशी, पैसा कुठून.

लढाईच्या वृत्तांतांत एक गोष्ट वारंवार येते. कोटात आणि कोटाभोवती अडकलेल्या निजामाच्या सैन्याला दाणावैरण आणि पाणी तुटले. मार्च महिना, डोंगरांनी वेढलेली जागा, आणि हजारो जनावरे. पाणी तुटलेल्या घोड्याची लघवी अडते, हे घोडा पाळणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. इथे एन्सलींचे कलम हातात घेऊन मोह होतो, की खर्ड्याच्या छावण्यांतून कुणीतरी माळ खणून कांदा काढलाच असेल. शालिहोत्र जाणणारी माणसे दोन्ही सैन्यांत असणारच. घोड्यावर उभ्या राहिलेल्या फौजा साळोत्र्यांवाचून चालत नाहीत.

पण दोन कागद शेजारी ठेवल्याने पुरावा होत नाही. एन्सलींचे साळोत्री तमिळ मुलखातले होते आणि खर्डे तिथून शेकडो मैल दूर. छोटा कांदा मार्चमध्ये जमिनीखाली असतो, त्याचे पान वर नसते, मग अनोळखी मुलखात तो शोधायचा कसा, हाही प्रश्न आहे. उलट मोठ्या कांद्याचा दांडा नेमका त्याच सुमारास वर येऊ लागतो आणि उघड्या माळावर दुरूनही दिसतो. औषध छोट्याचे आणि त्या महिन्यात दिसणारा मोठा, असा हा पेच. तेव्हा मी इतकेच म्हणेन, की दख्खनच्या घोडेस्वार फौजांना रानटी कांद्याचे औषध ठाऊक असावे, हे संभाव्य आहे; खर्ड्याला ते वापरले गेले, हे म्हणायला आधार नाही.

ब्रिटिशांच्या आधीचा दुसरा पुरावा संस्कृत निघंटूंचा, म्हणजे औषधींच्या कोशांचा. नरहरींच्या ‘राजनिघंटू’त कोलकंद नावाचा एक कंद आहे आणि त्याच्या पर्यायांत कृमिघ्न, पुटालु, पुटकंद अशी नावे येतात. नरहरींचा काळ अभ्यासक निरनिराळा धरतात, पण एन्सलींच्या आधीचा हा ग्रंथ आहे यावर वाद नाही. ‘पुट’ म्हणजे थर. थराथरांचा कंद म्हणजे कांद्यासारखा कंद, असे धरायला हरकत नाही. कृमिघ्न हे गुणवर्णन. यावरून अलीकडच्या ग्रंथकारांनी कोलकंद म्हणजे मोठा रानकांदा असे ठरवले, आणि मराठीतले कोळकांदा हे नाव त्याला दुजोरा देते असे मानले. मला हे ओळखणे शक्यतेच्या पातळीवरच ठेवावेसे वाटते. निघंटूत पानांचा, फुलण्याच्या ऋतूचा, ठिपक्यांचा उल्लेख नाही. तेवढ्या वर्णनात छोटा कांदाही बसतो. युनानी परंपरेची गोष्ट वेगळी. हकिमांकडे इस्कीलचे ग्रंथ होते, त्यात भूमध्य कांद्याचे गुण लिहिलेले होते, आणि इथे त्यांनी स्थानिक कांद्याला जंगली प्याज म्हणून ती जागा दिली. म्हणजे भूमध्य कांद्याच्या ठिकाणी देशी कांदा बसवण्याचे काम इंग्रजांनी पहिल्यांदा केले नाही. हकिमांनी ते आधीच केले होते.

मुंबई इलाख्यात या विषयाला चालना दिली ती अलेक्झांडर गिब्सन यांच्यासारख्या माणसांनी. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते १८३८ पासून प्रमुख होते, पुढे इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दापोडीच्या जोडीने जुन्नरकडच्या हिवरे येथे त्यांनी औषधी वनस्पतींची लागवड केली आणि तिथून सरकारी औषधकोठाराला अर्क पुरवले. युरोपातून येणाऱ्या औषधाच्या जागी देशी औषध, हा त्यामागचा सरळ हिशोब. निवृत्तीनंतर १८६१ मध्ये त्यांनी निकोल डाल्झेल यांच्याबरोबर ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा हा पहिला भरीव शास्त्रीय ग्रंथ. त्यानंतर रानकांदा हा विषय बाजारातल्या ऐकीव माहितीपुरता राहिला नाही. कोणती वनस्पती कुठे आणि केव्हा, हे तपासून पाहता येऊ लागले.

१८६८ मध्ये एडवर्ड वेअरिंग यांच्या संपादनाखाली ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ लंडनला छापला गेला. त्यात युरोपीय स्क्विलच्या जोडीला देशी कांद्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी मद्रासच्या मुदीन शरीफ यांनी त्याला पुरवणी लिहिली. बाजारातल्या नावांची आणि वस्तूंची शहानिशा हा त्यांचा हातखंडा. याच काळापासून औषधग्रंथांत एक सल्ला सतत दिसतो, की मोठे, जुने कांदे घेऊ नयेत, लिंबाएवढे लहान आणि ताजे घ्यावेत, कारण मोठ्यांत गुण उतरत नाही. मुंबईचे सरकारी औषधकोठार सांभाळणारे विल्यम डिमॉक यांनी १८८०-९० च्या दशकांत पश्चिम हिंदुस्थानच्या औषधींवर आधी स्वतःचा ग्रंथ लिहिला आणि मग वॉर्डन व हूपर यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ सुरू केला. डिमॉक १८९२ मध्ये मुंबईतच वारले. ग्रंथ १८९३ मध्ये पुरा झाला. १८९८ च्या ‘ब्रिटिश फार्माकोपिया’ला १९०० मध्ये हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी जी जोड निघाली, तीत अर्जिनिया अधिकृत औषध म्हणून आला, त्याच्या सिरका, मध, सरबत, गोळ्या आणि अर्क अशा रूपांसकट. डायोस्कोरिडीसच्या जुन्या कृती सुमारे अठराशे वर्षांनी आपल्या माळावरच्या कांद्याला लागू झाल्या.

अधिकृत झाला तरी त्याच्याविषयीचे डॉक्टरांचे मत एक झाले नव्हते. कुणाला तो युरोपीय कांद्याइतकाच गुणकारी वाटला, कुणाला निकामी. हा मतभेद कशामुळे? तीन कारणे पुढे करता येतात आणि मला वाटते तिन्ही खरी असावीत, पण कमीअधिक प्रमाणात. पहिले वाळवण्याचे. कंदातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये ओलाव्यात हळूहळू विघटित होतात; जाड कांदा नीट न चिरता वाळवला तर आत ओल राहते. लहान कांदे चांगले, या सल्ल्याचे हे सरळ स्पष्टीकरण असू शकते, आणि माझा कल त्याकडे आहे. दुसरे कारण नावांचे, सिल्ला इंडिकाच्या त्या दुहेरी वापराचे. दोन डॉक्टरांनी एकच नाव लिहून वेगवेगळे कांदे वापरले असतील, तर त्यांचे निष्कर्ष जुळणार कसे? तिसरे कारण त्या काळच्या डॉक्टरांना कळण्यासारखे नव्हते. विसाव्या शतकात गुणसूत्रे मोजली गेली तेव्हा दिसले, की मोठ्या रानकांद्याच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्त्यांत गुणसूत्रांचे संच दोन, तीन आणि चार असे बदलतात. बाहेरून सारखे दिसणारे कांदे आतून एकसारखे असतीलच असे नाही.

द्रव्यांचा उलगडाही उशिरा झाला. भूमध्य कांद्यातले सिल्लारेन ए हे द्रव्य स्वित्झर्लंडच्या आर्थर श्टॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध रूपात वेगळे केल्याचे १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच साली कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक संस्थेतले रामनाथ चोप्रा यांचा ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ बाहेर पडला. चोप्रांनी देशी कांद्याचे प्राण्यांवर प्रयोग केले होते आणि हृदयावरची त्याची क्रिया युरोपीय कांद्याच्या तोडीची असल्याचे नोंदले. शंभर वर्षे चाललेल्या वादात प्रयोगशाळेने देशी कांद्याच्या बाजूने दिलेला हा निकाल. त्यात धोकाही तितकाच स्पष्ट होतो. जे द्रव्य थोड्या मात्रेत हृदयाला आधार देते, तेच थोडे अधिक झाले की हृदय थांबवते. म्हणून रानकांदा घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नये, हे इथे आवर्जून लिहिले पाहिजे.

मराठी माणसाचा या शोधातला मोठा वाटा कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा. मुंबईत वैद्यकाची सेवा करून निवृत्त झालेल्या कीर्तिकरांनी औषधी वनस्पतींची माहिती आणि चित्रे आयुष्यभर जमवली. १९१७ मध्ये ते गेले आणि १९१८ मध्ये वामनदास बसू यांच्या सहकार्याने ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. त्यांनी डाल्झेल-गिब्सन, डिमॉक, वॉट, कुक या सगळ्यांच्या नोंदी एकाच नावाखाली आणल्या. यामुळे अभ्यासकाची सोय झाली. पण एकत्र आणलेल्या नोंदींत मूळ कर्त्यांनी वापरलेली निरनिराळी नावे मिसळून गेली. म्हणून कीर्तिकर-बसूंपर्यंत येऊन थांबणे पुरेसे नाही; प्रत्येक विधानासाठी मूळ ग्रंथाचे पान उघडावे लागते. एन्सलींचे घोड्यांचे औषध मोठ्या कांद्याच्या खात्यात कधी सरकले, हे अशाच उलट्या वाचनाने पकडता येते.

१९८१ मध्ये या कथेत एक नवे पान जोडले गेले. एम. वाय. अन्सारी यांनी महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातून द्रिमिया राझी ही नवीनच जात वर्णन केली. फक्त महाराष्ट्रात आढळणारा हा रानकांदा तोवर निराळा म्हणून ओळखलाच गेला नव्हता. याचा अर्थ घाटमाथ्याच्या पूर्वेकडे ‘रानकांदा’ म्हणून जे खणले, विकले, कुटले जाई ते दोन नव्हे, निदान तीन वनस्पतींपैकी काहीही असू शकते. १८६८ ते १९०० या काळातल्या डॉक्टरांचे मतभेद वाचताना ही तिसरी वनस्पती हिशोबात धरलीच पाहिजे.

खर्ड्याच्या परिसरासाठी या प्रश्नाचा निकाल लावायचा, तर कागदांपेक्षा वाळवलेले नमुने अधिक उपयोगी पडतील. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा, १९५५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राचा वनस्पतिसंग्रह आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लाटर वनस्पतिसंग्रह आहे. नगर, बीड, सोलापूर या जिल्ह्यांतल्या कांद्यांचे जे नमुने तिथे असतील, त्यांच्या चिठ्ठ्यांवर तारीख आणि जागा लिहिलेली असते. मार्च ते मे या महिन्यांत पानांवाचून दांड्यासह गोळा केलेला मोठा कांदा एका बाजूला ठेवायचा, जूनमधला ठिपकेदार पानांचा छोटा दुसऱ्या बाजूला. द्रिमिया राझीशी जुळणारा नमुना वेगळा काढायचा. मग बालाघाटाच्या त्या पट्ट्यात एन्सलींचा कांदा उगवतो का, हे दोन-चार चिठ्ठ्यांवरून कळेल. उगवत असेल, तर पटवर्धन दप्तरातल्या पत्रांत घोड्यांच्या दुखण्याची प्रत्येक ओळ नव्याने वाचायला हवी.